मयताचा हात धरून

ज्या माणसाच्या खुनासाठी माझ्या नवऱ्याला जन्मठेप झाली, त्या माणसाला मी स्वतः हाताला धरून कोर्टात नेलं. ही हकीकत मी आजवर कितीजणांना सांगितली असेल याची गणती नाही, आणि सांगताना एकदाही कंटाळले नाही. आता लिहायला बसले आहे, तर सुरुवातीपासून सांगते.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीकाठी. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधे मशीद आणि खाली धक्का. गावातले बरेच पुरुष दर्यावर. माझा नवरा मचव्याचा तांडेल होता. शिडाच्या त्या मालवाहू होडीवर त्याचा शब्द शेवटचा. पावसाळा संपला की नारळ-सुपारी भरून मुंबईला जायचं, तिकडून कापड, रॉकेल, साखर आणायची, असा त्याचा फेरा असे. माणूस सचोटीचा, पण तापट. घरात त्याचा आवाज चढला की मी नुसती त्याच्याकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच हसू यायचं. मचव्यावर मात्र त्याच्याकडे असं बघणारं कोणी नव्हतं.

त्याच्या खलाशांत एक गावचाच तरणा मुलगा होता, विशीतला. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेला. कामाला वाघ, पण झोपेचा भोक्ता. एकदा मुंबईला जाताना वारा पडला म्हणून मचवा रेवसच्या धक्क्याला बांधून ठेवला होता. दोरावर लक्ष ठेवायचं काम या मुलाकडे. त्याला डुलकी लागली, ओहोटीत दोर सुटला आणि मचवा धक्क्याच्या दगडावर जाऊन आपटला. फळी तडकली. माझ्या नवऱ्याने सगळ्या धक्क्यासमोर त्याच्या कानशिलात दिली आणि ओरडला, "पुन्यांदा असं झालं तर तुला दर्यात बुडवीन!"

मुंबईच्या आगबोटीसाठी थांबलेल्या साऱ्या उतारूंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा मचव्यावर नव्हता. नवऱ्याने धक्क्यावर, चहाच्या दुकानात, मशिदीत शोध घेतला. मग वारा सुटला आणि त्याने शीड उभारलं. परत आल्यावर चुलत्याच्या दारात जाऊन त्याने सरळ सांगितलं, "मी मारला त्याला, म्हणून रुसून पळाला. पोटात भूक पडली की येल परत."

मुलगा काही आला नाही. मात्र किहीमच्या वाळूवर एक प्रेत लागलं. माशांनी त्याचा चेहरा ठेवला नव्हता. अंगात खलाशी घालतात तशी निळी बंडी होती. पोलिसांनी चुलत्याला बोलावलं. बंडी बघितली आणि तो म्हातारा तिथेच वाळूत बसला. "माझाच हाय," एवढंच बोलला. प्रेत गावात आणलं, जनाज्याची नमाज झाली, आमच्याच कब्रस्तानात दफन झालं. माझा नवरा खांदा द्यायला पुढे झाला, तेव्हा लोक त्याच्यासाठी बाजूला सरले नाहीत. त्या आठवड्यात त्याला बेड्या पडल्या.

खटला चालला तेव्हा मी रोज कोर्टाच्या ओसरीवर बसून ऐकत असे. लोक मला नंतर विचारायचे, कोणी खोटी साक्ष दिली गं? मी सांगायचे, कोणीच नाही. धक्क्यावरच्या उतारूंनी धमकी ऐकली होती, ते खरं. आमच्या मचव्यावरच्या म्हाताऱ्या खलाशाने थप्पड बघितली होती, तेही खरं. मुलगा त्या दिवसानंतर कोणाला दिसला नव्हता, ते खरं. डॉक्टर म्हणाला, डोक्याला मार आहे, माणसाने मारलं असेल किंवा खडकावर आपटलं असेल. तेही खरंच. या सगळ्या खऱ्या गोष्टी सरकारी वकील एकापुढे एक मांडत गेले आणि शेवटी त्यांतून एक धडधडीत खोटी गोष्ट उभी राहिली. निळ्या बंडीबद्दल मी ओसरीवरून ओरडले होते, "तशी बंडी अर्ध्या खाडीच्या अंगात हाय!" शिपायाने मला बाहेर काढलं.

डॉक्टरच्या त्या 'किंवा'मुळे फाशी टळली. जन्मठेप झाली. वरच्या कोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. त्याला घाटावरच्या तुरुंगात नेलं. जाताना तो मला म्हणाला, "तुला तरी खरं वाटतं न्हवं?"

"मला काय वाटायचं हाय? मला माहीत हाय," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला काहीही माहीत नव्हतं. मी मचव्यावर नव्हते. पण नवरा रागावतो कसा आणि राग गेल्यावर शरमतो कसा, हे मी घरात बघितलं होतं, आणि ते मला पुरेसं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गावातला एक माणूस आफ्रिकेच्या बोटीवरून सुट्टीला आला. आमच्या ओटीवर बसून चहा पिताना तो चाचरत म्हणाला, "भाभी, राग मानू नको. झांझिबारच्या बंदरात मला तो दिसला."

"कोण तो?"

"मेलेला. दुसऱ्या एका आगबोटीतून राखेच्या टोपल्या उतरवत होता. मी हाक मारली तर मान वळवली, माझ्याकडं बघितलं आन् घाईनं आत गेला."

गावात ही गोष्ट पसरली तेव्हा कोणी म्हणालं भूत, कोणी म्हणालं भास. माझे सासरे म्हणाले, ताप आला असेल त्याला. मी एकच विचार करत होते. भूत कशाला राखेच्या टोपल्या वाहील?

समुद्र शांत झाला आणि आगबोट सुरू झाली, तशी मी माझ्या विधवा नणंदेला घेऊन रेवसवरून मुंबईला गेले. त्याआधी मी आमच्या तालुक्याबाहेर कधी गेले नव्हते. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माणसांची ती झुंबड बघून नणंद म्हणाली, "यातून एक माणूस शोधायचा?" मी म्हटलं, "यातून न्हाय. बोटीतून उतरणाऱ्यांतून." नणंदेचे एक नातलग गोदीजवळ राहायचे. त्यांनी आम्हांला पडवीत जागा दिली.

आमचं काम ठरलेलं. आफ्रिकेची किंवा एडनची बोट लागली की गोदीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं. कामावरून सुटलेले खलाशी बाहेर येत, त्यांतला कोकणी बोलणारा दिसला की त्याला गाठायचं. "रेवदंड्याकडचा एक मुलगा, हसला की डाव्या गालाला खळी पडते, झोपाळू हाय, बघितलास काय?" काहीजण हसत, काहीजण थट्टा करत, पण बहुतेक थांबून ऐकून घेत. दर्यावरच्या माणसाला कोणी तरी आपल्याला शोधतंय ही कल्पनाच गोड वाटते. फाटकावरचा पठाण पहिल्यांदा आम्हांला हाकलायचा. पुढे त्याला आमची हकीकत कळली, तेव्हा त्याने आपलं स्टूल बाहेर आणून ठेवलं. मग तोच आम्हांला सांगू लागला, उद्या बोट येणार, परवा येणार नाही.

त्या मुलाचं नाव सांगून काही उपयोग होत नव्हता. या नावाचा कोणीच नाही, असं जो तो म्हणायचा. शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाने डोकं खाजवत सांगितलं, "झोपाळू म्हणालीस? आमच्या पाठीमागून येणाऱ्या बोटीवर एक हाय. कोळशाच्या ढिगावर झोपतो. पण नाव निराळं सांगतो."

ती बोट लागली त्या दिवशी मी सकाळपासून स्टुलावर बसलेच नाही. दुपारी खलाशांचा लोंढा बाहेर आला. डोक्यावर पत्र्याची पेटी, पायात नवे बूट, अंगाने भरलेला, रंगाने आणखी काळवंडलेला असा तो समोरून आला. मी बुरख्याचा पडदा वर केला. मला बघून तो जागच्या जागी थबकला आणि त्याने पहिला प्रश्न काय विचारावा?

"भाभी, तांडेल अजून रागात हाय काय?"

मी रडले की हसले ते मला आठवत नाही. नणंद सांगते, दोन्ही एकदम.

मी त्याचं मनगट धरलं आणि सगळं सांगितलं. प्रेत, बंडी, खटला, जन्मठेप. ऐकता ऐकता त्याने पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. थप्पड बसली तेव्हा आगबोटीसाठी थांबलेल्या बायकाही हसल्या होत्या, ते त्याला सहन झालं नाही. पहाटे दुसऱ्या एका होडीतून तो मुंबईला गेला आणि मोठ्या बोटीवर खोटं नाव सांगून चढला. मोठा माणूस होऊन, नवे बूट घालूनच गावात पाऊल टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. झांझिबारला गावचा माणूस दिसला तेव्हा तो पळाला, कारण त्याच्याकडे तेव्हा बूट नव्हते.

"पण भाभी, मी खोट्या नावानं काम केलं. मला पकडतील."

"पकडू देत," मी म्हटलं. "मीपण पकडलंय. ज्याला मारला म्हणून माझा नवरा आत हाय, त्याचा हात माझ्या हातात हाय. मी सोडीन असं वाटतं तुला?"

तो उठला. "चल," म्हणाला. तो वाईट नव्हताच कधी. पठाणाने त्याची पेटी उचलून आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आणून दिली.

जिल्ह्याच्या गावी आमचे वकील होते, तरुण, नाकावर चष्मा. अपील हरल्यावर माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला होता. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा ते जेवायला बसत होते. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघून म्हणाले, "हे कोण?"

"मयत," मी म्हटलं.

ताट तसंच राहिलं. वकील हात धुऊन बाहेर आले आणि त्या मुलाभोवती फिरून त्याला बघू लागले. मग त्याला म्हणाले, "बोल की काही तरी."

"काय बोलू, साहेब?"

"काहीही बोल. मला नुसतं ऐकायचंय."

त्याच दुपारी आम्ही कोर्टात गेलो. मी त्याचं मनगट तेव्हाही धरून होते. ज्याने मला ओसरीवरून बाहेर काढलं होतं तोच शिपाई दारात होता. त्याने मुलाचं नाव विचारलं, मुलाने खरं नाव सांगितलं, आणि शिपाई दार सोडून बाजूला झाला.

पण मुलगा जिवंत आहे एवढं पुरत नाही. तो तोच आहे हे सिद्ध करावं लागतं. न्यायाधीशसाहेबांनी गावच्या लोकांना बोलावलं. चुलता आला. पुतण्याला बघून त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अरे, मी तुझं चाळिसावं घातलंय!" आणि मग त्याने त्याला जी मिठी मारली, ती शिपायांनी सोडायला सांगेपर्यंत सुटली नाही. आमचा म्हातारा खलाशी आला, मशिदीचे इमाम आले, शाळेचे मास्तर आले. साहेब लिहून घेता घेता थांबून मधेच मुलाकडे बघत होते. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

गावात परतल्यावर चुलता पुतण्याला कब्रस्तानात घेऊन गेला. आपल्या नावाच्या कबरीपुढे तो मुलगा बराच वेळ उभा राहिला. "आत कोण हाय मग?" त्याने विचारलं. इमाम म्हणाले, "कोणाचा तरी असेलच. आता आपला." सगळ्यांनी हात वर करून त्या अनोळखी माणसासाठी फातिहा म्हटला.

कागद वर गेले, वरून आणखी वर गेले. हुकूम आला तेव्हा वकिलांनी मला तो वाचून दाखवला. सरकारने माझ्या नवऱ्याला माफी दिली होती.

"माफी?" मी म्हटलं. "गुन्हा न्हाय तर माफी कसली? माफी त्यांनी मागायची."

"कायद्यात याला दुसरं दार नाही, बाई. अपील संपलेलं आहे. एवढा एकच मार्ग उरतो."

"मग दार नवीन पाडा."

वकील हसले. पण बसून विचार करू लागले. दार काही त्यांना पाडता आलं नाही, तरी त्यांनी मामलेदारांना जाऊन गाठलं आणि त्यांना एका गोष्टीला राजी केलं. सुटकेच्या दोन दिवस आधी आमच्या गावात दवंडी पिटली गेली. ढोल वाजवत गावाच्या चारी वाड्यांत फिरून सांगितलं, की आपल्या गावच्या तांडेलाने खून केला नाही, तो निर्दोष आहे, मेला म्हणतात तो खलाशी जिवंत आहे. पाठीमागून तो खलाशीच नवे बूट घालून चालत होता. जी घरं आमच्याकडे पाठ करून बसली होती, तिथल्या बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. दवंडीवाल्याला मी आमच्या वाडीत दोनदा ओरडायला लावलं.

नवऱ्याला आणायला मी घाटावर गेले. तो फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि तो उन्हात डोळे मिचकावत होता. मला बघून म्हणाला, "खरंच जिवंत हाय तो?"

"जाडजूड झालाय," मी म्हटलं.

रेवसला मचवा आमची वाट बघत उभा होता. दोर त्या मुलाच्या हातात होता. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. मुलाने मान खाली घातली. धक्क्यावर पुन्हा माणसं जमली होती, आणि यावेळी कोणी हसत नव्हतं. माझा नवरा म्हणाला, "मी हात उचलायला नको होता." मग सुकाणूकडे बोट दाखवून म्हणाला, "तू धर. मला दर्या बघू दे."

तो मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जाऊन बसला आणि घरी पोचेपर्यंत समोरच्या पाण्याकडेच बघत राहिला. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांच्या होड्या सामोऱ्या आल्या, डोलकाठ्यांवर बावटे लावून. आमचा धक्का माणसांनी गच्च भरला होता. ढोल वाजत होते. माझे सासरे, जे भुताला ताप म्हणत होते, ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभे होते. तो दिवस आमच्या ईदपेक्षा मोठा होता.

काही दिवसांनी जेवता जेवता नवरा थांबला. म्हणाला, "आत किती जण आपल्यासारखे असतील?"

मी विचारलं, "किती?"

"आकडा मला काय ठाऊक. आत सगळेच म्हणतात, मी केलं न्हाय. पयल्यांदा कोणावर विश्वास बसत न्हाय. मग हळूहळू कळायला लागतं. ज्यानं खरंच केलेलं नसतं, तो थोड्या दिवसांनी सांगायचं बंद करतो. माझ्या बाजूला एक कातकरी होता. रोह्याकडच्या डोंगरातला. घरफोडी झाली, आन् जवळ कातकऱ्यांची वस्ती, म्हणून त्याला उचलला. चोरी झाली तवा तो कोळशाच्या भट्टीवर कामाला होता. भट्टीच्या ठेकेदाराला हे माहीत हाय, पण तो साक्षीला आलाच न्हाय."

"का?"

"कातकऱ्यासाठी कोर्टात कोण जातो?"

मी ताट बाजूला सारलं. "आपण जाऊ," मी म्हटलं.

तो ठेकेदार रोह्याच्या बाजारात वखार चालवायचा. आम्ही दोघं गेलो. नवरा बोलू लागला तसा ठेकेदार वैतागला, कामं आहेत, वेळ नाही, म्हणू लागला. मग मी पुढे झाले. आमची सगळी हकीकत त्याला सांगितली, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, आवाज खाली न आणता. शेवटी म्हटलं, "मला मेलेला माणूस आफ्रिकेच्या बोटीवरून शोधून आणावा लागला. तुम्हांला नुसतं रोह्याहून कोर्टात जायचं हाय आन् खरं बोलायचं हाय." गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघू लागली. तो मुकाट्याने उठला आणि टोपी शोधू लागला.

वकिलांनी मुदत टळलेलं अपील कसंबसं दाखल करून घेतलं. ठेकेदाराने साक्ष दिली, आणि चांगली दिली. एकदा बोलायला लागल्यावर त्याला स्वतःलाच बरं वाटत असावं. कातकऱ्याला सोडून देण्याचा हुकूम झाला. यावेळी माफी नव्हती. 'निर्दोष' असाच शब्द होता. वकिलांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.

पुढे आमच्या ओटीवर कितीक बाया आल्या. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा. सगळेच निरपराध होते असं मी म्हणणार नाही, आणि जे होते ते सगळे सुटले असंही नाही. पण त्यानंतर आमच्या भागात साक्षीला बोलावल्यावर घरात लपून बसणं लोकांना जड जाऊ लागलं. आमच्या गावात तर कोणी तसं केलं की बायकाच विचारायच्या, तू का न्हाय गेलास?

तो कातकरी सुटला त्या दिवशी आम्ही त्याला न्यायला गेलो होतो. त्याच्यासाठी मी भाकऱ्या आणि तळलेले बोंबील बांधून नेले होते. त्याने ते उभ्या उभ्याच खाल्ले. माझ्या नवऱ्याकडे बघून एकदा हसला. रोह्याला उतरल्यावर आम्ही म्हटलं, चल, चहा पी. त्याने मान हलवली आणि सरळ डोंगराची वाट धरली. आधी चालत होता, मग भराभर चालू लागला, आणि पहिल्या चढावर तर चक्क धावायला लागला. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून बघत होतो. झाडीत दिसेनासा होईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचाच फार आनंद झाला.